मिसुरीपासून महासागरापर्यंत

१८०४ सालच्या सप्टेंबर महिन्याची ७ तारीख. अमेरिका खंडाच्या मध्यभागी, मिसुरी नदीच्या काठच्या एका उघड्या माळावर, पहाऱ्यावरची माणसे तेवढी सोडून एका लष्करी तुकडीतील सारे जवान नदीवरून पाणी वाहून आणीत होते आणि जमिनीतल्या एका बिळात ओतीत होते. पाच पिंपे पाणी ओतले, तरी बीळ भरेना. फावड्यांनी सहा फूट खणून पाहिले, तरी तळ लागेना. दिवसाचा बराच भाग असा गेल्यावर एक चिमुकला, पिवळसर तपकिरी, खारीच्या जातीचा प्राणी भिजलेल्या अंगाने बाहेर आला आणि पिंजऱ्यात पडला. कुत्र्याच्या पिलासारखा तो भुंकत असे, म्हणून फ्रेंच नावाड्यांनी त्याला ‘छोटा कुत्रा’ म्हटले. आज त्याला प्रेअरी डॉग म्हणतात. पुढच्या वसंतात हा प्राणी एका मोठ्या मचव्यातून नदीच्या खालच्या अंगास निघाला, न्यू ऑर्लिन्सला पोहोचला, तेथून समुद्रमार्गे बाल्टिमोरला आणि अखेर वॉशिंग्टनला अध्यक्षांच्या निवासस्थानी जिवंत दाखल झाला. त्याच्याबरोबर चार मॅगपाय पक्षी निघाले होते, त्यांतला एकच वाचला.

हे पाणी ओतणारे लोक म्हणजे मेरिवेदर ल्युइस आणि विल्यम क्लार्क या दोघा सेनाधिकाऱ्यांची तुकडी. १४ मे १८०४ रोजी ते सेंट लुईनजीकच्या छावणीतून निघाले, मिसुरीच्या प्रवाहाविरुद्ध चढत गेले, रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागर गाठला आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी परत सेंट लुईला आले. सुमारे आठ हजार मैलांचा हा प्रवास. अमेरिकेच्या शाळांतून तो पराक्रमाची गाथा म्हणून शिकवला जातो, आणि पराक्रम त्यात होता हे कोणी नाकारू नये. परंतु या प्रवाशांच्या रोजनिशा वाचताना आम्हांस सारखे एक जाणवत राहिले. अरण्यात शोधून काढल्या असे जे म्हटले जाते, त्यांपैकी कितीतरी गोष्टी या मंडळींना अरण्यात सापडल्याच नाहीत. त्या त्यांना कोणीतरी पानात वाढल्या. त्या वाढणाऱ्यांविषयी आज थोडे बोलावे असा आमचा विचार आहे.

प्रथम १८०३ साल. आपणा मराठी माणसांस हे साल विसरणे शक्य नाही. आदल्या वर्षीच्या अखेरच्या दिवशी वसईचा तह झाला, आणि १८०३ च्या सप्टेंबर २३ ला असईच्या रणांगणावर, नोव्हेंबर २९ ला अडगावी, दक्षिणेच्या स्वातंत्र्याचा कौल लागला. (ल्युइस आणि क्लार्क परतले तो दिवस असईचा तिसरा वाढदिवस होता, अर्थात तेथे कोणास त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते.) त्याच साली एप्रिलच्या ३० तारखेस नेपोलियनच्या फ्रान्सने मिसिसिपीच्या पश्चिमेचा सव्वाआठ लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख दीड कोट डॉलर्सना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस विकला. विकणाऱ्याने तो मुलूख पाहिलेला नव्हता, घेणाऱ्यानेही नव्हता. आणि ज्यांची घरे, शेते, शिकारीची राने त्यात होती त्यांना कोणी विचारलेच नाही. ल्युइस आणि क्लार्क जेथे जेथे थांबले तेथे तेथे त्यांनी नायकांना जमवून सांगितले, की तुमचा जुना ‘पिता’ गेला, आता पूर्वेकडचा नवा ‘महान पिता’ तुमचा सांभाळ करील. मग अध्यक्षांची मुद्रा असलेली पदके गळ्यात घालावयाची. तैनाती फौजेच्या तहातील गोड शब्द ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या भाषेचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

या मोहिमेमागे अध्यक्ष थॉमस जेफर्सन होते. राजकारण, व्यापार आणि विद्येची हौस या तिन्ही गोष्टी या गृहस्थांत एकत्र नांदत होत्या. हत्तीहून थोराड असा मॅमथ अजून पश्चिमेत कोठेतरी हिंडत असेल, असे त्यांना मनापासून वाटे. ल्युइस हा त्यांचा चिटणीस. त्याला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विद्वानांकडे धाडले, आणि वनस्पती बार्टन यांच्याकडून, अस्थिशास्त्र विस्टार यांच्याकडून, औषधोपचार रश यांच्याकडून शिकून घे असे बजावले. २० जून १८०३ च्या आज्ञापत्रात त्यांनी कामांची भली मोठी यादी दिली. झाडे केव्हा फुलतात, पक्षी केव्हा येतात-जातात, हे टिपावे. जे लोक भेटतील त्यांची नावे, संख्या, भाषा, शेती, शिकार, रोग, कायदे, रीतिरिवाज सारे लिहून आणावे. आणि गाईच्या देवीची लस बरोबर न्यावी, तिचा उपयोग त्या लोकांना समजावून सांगावा. ही शेवटची सूचना वाचून आम्ही थोडे थबकलो. कारण हीच लस बगदाद, बसरा या वाटेने जून १८०२ मध्ये मुंबईस पोहोचली होती आणि तेथे एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती यशस्वी झाली होती. ल्युइसजवळची लस मात्र ओहायो नदीवरच निकामी झाली. दुसरी पाठवा असे त्याने ऑक्टोबरात लिहिले; पण देवीवरचा हा उपाय मिसुरीकाठच्या लोकांपर्यंत या मोहिमेने पोहोचला नाही. याचे काय झाले ते पुढे येईलच.

नदी चढता चढता गवताळ माळ सुरू झाला आणि नव्या प्राण्यांची रीघ लागली. ऑगस्ट २० ला सार्जंट फ्लॉइड पोटाच्या विकाराने दगावला. साऱ्या मोहिमेत गेलेला तुकडीतील हा एकच माणूस. सप्टेंबरात क्लार्कने एक ‘बोकड’ मारला, तो बोकडही नव्हता आणि आपल्या काळविटाचा सख्खा भाऊही नव्हता. प्रॉंगहॉर्न हा प्राणी आपल्या कुळात आज एकटाच उरला आहे. पाठोपाठ ‘माळावरचा लांडगा’ म्हणजे कोयोटी, खेचरासारख्या लांब कानांचे हरिण, आणि जिकडे पाहावे तिकडे बायसनांचे कळप. सप्टेंबरच्या २५ तारखेस लाकोटा लोकांच्या नायकांशी वाजले, बंदुका आणि धनुष्ये रोखली गेली. ब्लॅक बफेलो नावाच्या नायकाच्या संयमामुळे त्या दिवशी रक्त सांडले नाही. पुढे अरिकारा लोकांची गावे लागली. एके काळी अठरा गावे होती, देवीच्या साथींनी तीन उरली. येथे सर्वांच्या कुतूहलाचा विषय झाला तो यॉर्क. हा धिप्पाड काळा माणूस क्लार्कचा गुलाम होता. मोहिमेत त्याने सर्वांच्या बरोबरीने कष्ट केले. परत आल्यावर इतरांना दुप्पट पगार आणि जमिनी मिळाल्या, त्याला काहीच मिळाले नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस तुकडी मॅन्डन आणि हिडात्सा लोकांच्या पाच गावांशी येऊन पोहोचली. ‘रेड इंडियन’ म्हटले की घोड्यावर बसून आरोळ्या ठोकणारा माणूस, एवढेच चित्र आपल्याकडे सिनेमाने रूढ केले. ही गावे पाहणाऱ्यास ते चित्र फेकून द्यावे लागेल. मातीने लिंपलेली मोठी गोल घरे, भोवती कुसू, आणि साडेचार हजारांच्या आसपास वस्ती. म्हणजे त्या काळच्या सेंट लुई शहरापेक्षा मोठी. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत येथील बाया मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवीत. शेत बायकांचे आणि घरही बायकांचेच. आपल्या परसातला मका आणि लाल भोपळा मूळचे त्याच खंडातले, हे आपणांस ठाऊक असेलच. मॅन्डनांचा मका मात्र निराळ्या हाडाचा. ताट बुटके, कणसे जमिनीलगत, आणि उत्तरेचा आखूड उन्हाळा संपण्याआत पीक तयार. हे वाण रानात उगवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या बियाणे निवडून निवडून बायकांनी ते घडविले होते.

त्या हिवाळ्यात डिसेंबर १७ ला पारा शून्याखाली ४५ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला. तुकडी जगली ती या मक्यावर. शेहेके नावाच्या नायकाने पहिल्याच भेटीत सांगून टाकले होते, की आमच्या घरी अन्न असेल तोवर तुम्हांलाही मिळेल, आम्ही उपाशी तर तुम्हीही उपाशी. तुकडीतील लोहार लढाईच्या कुऱ्हाडी घडवून देत आणि त्यांच्या मोबदल्यात मका घेत. वसंत आला तेव्हा प्रेअरी डॉगच्या मचव्यातून मॅन्डन मक्याची कणसेही अध्यक्षांकडे गेली. अरिकारांचा घेवडा तर जेफर्सन यांनी पुढे आपल्या मॉन्टिसेलोच्या बागेत लावला.

याच मुक्कामात सकाजाविया मोहिमेस मिळाली. ही मूळची पर्वतातील शोशोनी लोकांची मुलगी. लहानपणी हिडात्सांनी धाड घालून तिला पळविले आणि पुढे शार्बोनो नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरात ती बायको म्हणून आली. वय सोळाच्या सुमारास. फेब्रुवारी ११, १८०५ ला तिला मुलगा झाला आणि एप्रिलच्या ७ तारखेस ते तान्हे पाठीशी बांधून ती निघाली. तिने सारी वाट दाखविली ही समजूत खरी नव्हे. तिच्या माहेरचा टापू सोडला तर बाकी प्रदेश तिलाही नवा होता. तिचे खरे काम रोजनिशीत दुसऱ्याच दिवसाच्या मागेपुढे दिसू लागते. एप्रिल ९ ला तुकडी जेवणासाठी थांबली. सकाजावियाने टोकदार काठी घेतली, वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगाजवळ जमीन टोकरू लागली आणि थोड्याच वेळात भरपूर मुळे काढून आणली. रानउंदीर हिवाळ्यासाठी मुळे पुरून ठेवतात, आणि ती कोठे पुरतात हे तिला ठाऊक होते. फिलाडेल्फियात शिकलेल्या ल्युइसला हे कोण शिकविणार? क्लार्कने पुढे आणखी एक गोष्ट नोंदविली. तुकडीत एक बाई आणि मूल आहे हे पाहिले, की समोरच्या लोकांची खात्री पटे की हे लढावयास आलेले नाहीत.

अस्वलांची गोष्ट मात्र आधी सांगूनही या मंडळींना पटली नव्हती. करडे अस्वल फार भयंकर, त्याच्या वाटेला आम्ही आठ-दहा जण मिळून, लढाईला जावे तशी तयारी करून जातो, असे गावकरी सांगत. धनुष्यबाण आणि भिकार बंदुका असलेल्यांना तसे वाटणारच, असे ल्युइसने ठरविले. मे ५ ला क्लार्क आणि ड्रुयार यांनी एका प्रचंड अस्वलास गाठले. त्याच्या अंगात दहा गोळ्या गेल्या, त्यांतल्या पाच फुप्फुसांतून. तरी ते अर्धी नदी पोहून वाळूच्या बेटावर गेले आणि तेथे वीस मिनिटांनी मेले. त्यानंतर रोजनिशीचा सूर नरम झाला. जूनमध्ये बंदूक भरावयाची राहून गेलेली असताना ल्युइसवरच एक अस्वल चालून आले, तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उतरून, हातातील भाला रोखून त्याने कसाबसा जीव वाचविला.

मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांना वळसा घालून अठरा मैल होड्या ओढून नेण्यात महिना मोडला. वाटभर निवडुंग, आणि पायांत कातड्याचे पातळ जोडे. आपल्या माळावरचा फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आलेला, तेव्हा त्या काट्यांची कल्पना आपणांस आहे. ऑगस्ट १२ ला ल्युइसने खंडाचा पाणलोट ओलांडला. पलीकडे महासागराकडे वाहणारी रुंद नदी दिसेल ही त्याची आशा होती. दिसल्या त्या बर्फाच्छादित पर्वतांच्या आणखी रांगा. दुसऱ्या दिवशी शोशोनी लोकांची गाठ पडली. पहिल्याने भेटली एक म्हातारी आणि एक बारा वर्षांची मुलगी. शत्रू आला, आता मरण, असे समजून दोघी मान खाली घालून बसल्या. ल्युइसने त्यांना मणी दिले, गालांना शेंदरी रंग लावला. त्या संध्याकाळी एका शोशोनी माणसाने त्याला आपल्या मांडवात बोलावून भाजलेल्या ताज्या सॅमन माशाचा एक तुकडा दिला. सॅमन समुद्रातून नदीत चढतो, आणि मिसुरीत तो नसतो. म्हणजे आपण पॅसिफिकला मिळणाऱ्या पाण्यावर उभे आहोत, अशी ल्युइसची खात्री पटली. साऱ्या नकाशांनी आणि दुर्बिणींनी जे सांगितले नव्हते ते त्या घासाने सांगितले. आणि देणारे लोक स्वतः इतके भुकेले होते, की तीन दिवसांनी शिकाऱ्याने हरिण मारले तेव्हा त्यांनी त्याची आतडी कच्चीच खाल्ली.

ऑगस्ट १७ ला नायक कॅमेआवेट याच्याशी बोलणी सुरू झाली. शोशोनीतून हिडात्सा, हिडात्सातून फ्रेंच, फ्रेंचातून इंग्रजी अशी दुभाष्यांची साखळी लावावी लागली. साखळीच्या टोकाशी बसलेल्या सकाजावियाने नायकाकडे पाहिले, आणि तो तिचा भाऊ निघाला. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला हसलो असतो.

घोडे मिळाले, वाटाड्या मिळाला, तरी बिटररूट पर्वत ओलांडताना सप्टेंबरात बर्फ पडले आणि शिंगरे मारून खावी लागली. अर्धमेल्या अवस्थेत क्लार्क सहा माणसांनिशी पुढे गेला आणि २० सप्टेंबरला वीआइप या पठारावर उतरला. येथे नेझ पर्स लोक, जे स्वतःस निमीपू म्हणवितात, कमास खणण्यासाठी जमले होते. त्यांनी या अनोळखी माणसांपुढे सुका सॅमन, बायसनाचे मांस आणि कमासची भाकर ठेवली. या लोकांत परंपरेने एक हकीकत सांगितली जाते. हे परके मारून टाकावेत अशी कुजबूज चालली होती, तेव्हा वॉटकुवीस नावाच्या एका वृद्धेने ती थांबविली. एके काळी शत्रूंच्या हाती सापडून ती दूरदेशी गेली होती आणि तेथे गोऱ्या माणसांनी तिला दया दाखविली होती. एवढी बंदुका-दारूगोळ्याची मालमत्ता त्या दिवशी मूठभर अशक्त माणसांच्या हाती होती. पुढच्या अमेरिकन इतिहासाचे एक पान त्या म्हातारीच्या शब्दावर टांगलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कमास म्हणजे निळ्या फुलांचा कांदा. पुढच्या जूनमध्ये परतताना ल्युइसने त्याची फुललेली शेते पाहिली आणि ती दुरून स्वच्छ पाण्याच्या तळ्यांसारखी दिसतात असे लिहिले. पण या सौंदर्याहून आम्हांस मोलाची वाटते ती त्याने दिलेली पाककृती. दहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल खड्डा खणावयाचा. त्यात लाकडे आणि वर दगड रचून पेटवावयाचे. दगड लाल झाले की माती, गवत, कांद्यांचे थर, पुन्हा गवत, पाण्याचा शिपका, माती, आणि वर पुन्हा विस्तव. रात्रभर तरी हे चालते. कमासमध्ये इन्युलिन नावाचा पदार्थ असतो. तो माणसाला पचत नाही. दीर्घकाळ भाजल्यावर त्याची साखर होते आणि कांदा काळा, मऊ, गोड होतो. शिवाय त्याच कुरणात पांढऱ्या फुलांची एक जहरी वनस्पती उगवते आणि तिचा कांदा हुबेहूब कमाससारखा असतो. कोणता घ्यावा, केव्हा खणावा, लहान कांदे पुन्हा कसे पुरावेत, हे सारे बायकांचे शास्त्र. ल्युइसच्या टिपणात या शास्त्राचे वर्णन बारकाईने येते, सांगणारीचे नाव येत नाही. त्या अन्नाने प्रथम तर सर्वांची पोटे बिघडली. पण ट्विस्टेड हेअर या म्हाताऱ्या नायकाने झाडाची खोडे जाळून होड्या कोराव्यात कशा हे दाखविले, त्यांचे ३८ घोडे वसंतापर्यंत सांभाळले, आणि तुकडी कोलंबिया नदीतून समुद्राकडे निघाली.

महासागराकाठच्या हिवाळ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे मुख्यतः पाऊसच पडला. फोर्ट क्लॅटसॉपमध्ये तीन-साडेतीन महिने मुक्काम, आणि पावसावाचूनचे दिवस बारा. आजूबाजूच्या चिनूक आणि क्लॅटसॉप लोकांकडून वापाटो नावाचे कंद विकत घेऊन दिवस काढले. बायका थंडगार पाण्यात छातीपर्यंत उतरून पायांच्या बोटांनी हे कंद चिखलातून मोकळे करीत. जानेवारीत एक देवमासा किनाऱ्यास लागल्याची बातमी आली, तेव्हा एवढे चालून आले आणि समुद्रही पाहू नये काय, म्हणून सकाजाविया हट्ट धरून गेली. हे लोक व्यापारात पक्के, म्हणून रोजनिशीत त्यांच्यावर चोरीचा आळ वारंवार येतो. परंतु मार्च १८०६ मध्ये निघताना पैसा संपलेला, होडी हवी. तेव्हा या पाहुण्यांनी क्लॅटसॉपांची एक होडी चोरली आणि तसे कागदावर लिहूनही ठेवले. २०११ साली क्लार्कच्या वंशजांनी तशीच एक होडी चिनूक लोकांना आणून दिली.

परतीच्या वाटेवर ऑगस्ट २९ ला क्लार्कने एका टेकडीवरून वीस हजार बायसन एका दृष्टिक्षेपात असल्याचा अंदाज केला, आणि त्याबरोबर एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. ज्या दोन जमातींत युद्ध असते त्यांच्यामधल्या मुलखात जनावरे सर्वांत अधिक. तेथे शिकारीस जाण्याची कोणाची छाती होत नाही, म्हणून. याचा अर्थ काय? ज्याला नुसते निसर्गाचे भांडार समजत होते, त्या भांडाराच्या सीमा माणसांच्या तह-तंट्यांनी आखलेल्या होत्या. आजचे अभ्यासकही या नोंदीकडे पुन्हा वळले आहेत. त्याआधी जुलै २७ ला उत्तरेकडे ल्युइसची ब्लॅकफीट तरुणांशी चकमक झाली, दोघे तरुण मारले गेले. साऱ्या मोहिमेतील रक्तपात तेवढाच.

मोहिमेने विज्ञानास अज्ञात अशा सुमारे १७८ वनस्पती आणि १२२ प्राणी टिपले, अशी गणना केली जाते. पण ल्युइस १८०९ मध्ये अकाली मेला, ग्रंथ लिहावयाचा राहिला. १८१४ मध्ये प्रवासवृत्त निघाले त्यातून निसर्गाची टिपणे बहुतेक गाळली होती. ग्रिझली आणि प्रॉंगहॉर्न यांना शास्त्रीय नावे देण्याचा मान १८१५ मध्ये घरी बसलेल्या जॉर्ज ऑर्ड यांना मिळाला. वाळविलेली झाडे फिलाडेल्फियात आहेत, दोनशेहून अधिक. एका कागदावर ल्युइसची चिठ्ठी आहे: वाला वाला लोक या मुळाची भाकर करतात आणि तिला शापलेल म्हणतात.

यजमानांचे पुढे काय झाले? १८३७ मध्ये एका वाफेच्या बोटीबरोबर मिसुरीवर देवी आली. दीड-दोन हजार मॅन्डनांपैकी शे-दीडशे उरले. १८०३ च्या आज्ञापत्रातली लस चौतीस वर्षांनीही त्यांच्या दंडाला लागलेली नव्हती. बायसन १८८० नंतरच्या दशकात हजाराच्या आसपास राहिले. १८७७ मध्ये निमीपूंना त्यांच्या खोऱ्यातून हुसकले. पुढच्या वर्षी वसाहतवाल्यांच्या डुकरांनी कमासची कुरणे उकरली, यावरून बॅनक आणि शोशोनी लोकांचा उठाव झाला. १९५३ मध्ये मिसुरीवर गॅरिसन धरण पुरे झाले आणि मॅन्डन, हिडात्सा, अरिकारा यांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली. त्यात मक्याची ती काळी, गाळाची शेते होती. लोकांना वर, वाऱ्यावरच्या माळावर जावे लागले. धरणाखाली गेलेल्या गावांची कथा महाराष्ट्रात कोणास नवी नाही. त्या जलाशयास नाव दिले आहे सकाजावियाचे.

एका मुळाची गोष्ट राहिली. जुलै १८०६ मध्ये ल्युइसने बिटररूट खोऱ्यात जमिनीलगत उमलणारे एक गुलाबी फूल मुळासकट वाळवून घेतले. हे कडवट मूळ सॅलिश लोकांचे वसंतातले पहिले अन्न. याच सॅलिशांनी आदल्या वर्षी थकल्याभागल्या तुकडीला पांघरुणे आणि घोडे दिले होते. फिलाडेल्फियात पोहोचलेली ती वाळकी मुळे मातीत लावून पाहिली, तर त्यांना अंकुर फुटले. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ पुर्श यांनी त्याला नाव दिले लुइसिया रेडिव्हिव्हा. रेडिव्हिव्हा म्हणजे पुन्हा जिवंत झालेली. १८९१ मध्ये सॅलिशांना ते खोरे सोडून उत्तरेच्या राखीव प्रदेशात जावे लागले. तेथे वसंत आला की ते आजही प्रार्थना करून हे मूळ खणतात, आणि मग एकत्र बसून जेवतात.